चिंचोळ्या जागेत शिडाची नौका

मंडळी, जामसारख्या गावाच्या लोकांपुढे शिडाच्या नौकेची गोष्ट काढली, तर तुम्ही म्हणाल, हे कोठून सुचले? पूर्वेचा समुद्र जामपासून पाचशे किलोमीटरांहून दूर, पश्चिमेचा तर त्याहूनही दूर. आपल्या चौकात नागपूर–हैदराबाद रस्त्याला चंद्रपूरचा रस्ता फुटतो. तेथे दिवसरात्र ट्रक दिसतील, शीड काही दिसायचे नाही. पण भरलेली बंडी अरुंद फाटकातून आत घेणे, कापसाने लादलेला ट्रक गर्दीतून वळवणे, ही कामे तुमच्या पाहण्यातली आहेत. शिडाची नौका बंदरात आणून खुंट्याला बांधणे हे त्याच जातीचे काम आहे, फक्त अधिक अवघड. ते का अवघड आहे आणि जाणता खलाशी ते कसे सोपे करतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

नौका बांधण्याच्या जागा दोन तऱ्हेच्या असतात. मुंबईला अपोलो बंदरासमोर शिडाच्या नौका मोकळ्या पाण्यात तरंगत्या बोयाला बांधलेल्या दिसतात. बोया तळाशी साखळदंडाने जखडलेला असतो आणि नौका त्याच्याभोवती, लांब दाव्याला बांधलेल्या बैलासारखी, वारा व भरती-ओहोटी नेतील तशी फिरते. तिला भोवताली जागा पुष्कळ लागते. दुसरी तऱ्हा म्हणजे मरिना. मरिना म्हणजे नौकांचा गोठाच समजा. पाण्यात लाकडी किंवा सिमेंटचे अरुंद धक्के काढलेले असतात आणि त्यांच्यामध्ये एकेका नौकेपुरते खण पाडलेले असतात. केरळात कोचीजवळ बोलगट्टी बेटावर असा तळ आहे. खणात शिरताना दोन्ही अंगांना कधी दोन-दोन हात जागा उरते, कधी तेवढीही नाही. शेजारच्या खणात दुसऱ्याची नौका उभी असते. तिला ओरखडा उठला तर नुकसान आपले, आणि माणूस मध्ये सापडला तर मग नुकसान मोजण्यापलीकडचे.

आता गाडीत आणि नौकेत फरक काय तो पाहू. पहिला फरक असा की नौकेला ब्रेक नाही. गाडीचे चाक अडवले की जमीन तिला धरून ठेवते. पाणी असे धरून ठेवत नाही. एकदा वेग आला की नौका बराच वेळ सरकतच राहते, आणि जितकी जड, तितकी अधिक लांब सरकते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही नौका घ्या. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन, डोलकाठी जवळजवळ २५ मीटर उंच. समजा ती दोन नॉट वेगाने, म्हणजे तासाला पावणेचार किलोमीटर, माणसाच्या सावकाश चालीने सरकते आहे. हा वेग वेग म्हणावा असा तरी आहे का? पण हिशेब केला तर त्या चालीने धक्क्यावर आदळताना तिच्यात तेवढा जोर असतो, जेवढा ५० किलोचे पोते तिच्याच डोलकाठीच्या टोकावरून खाली टाकले तर असेल. वेग निम्मा केला की जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. पोते मग सहा मीटरांवरून पडल्यासारखे. वेग दुप्पट केला की जोर चौपट. म्हणून बंदरातला पहिला नियम असा की जितक्या वेगाने आदळणे परवडेल, त्याहून अधिक वेगाने जवळ जाऊ नये.

तुम्ही म्हणाल, मग अगदीच हळू जावे, थांबत थांबत जावे. येथेच दुसरा फरक आड येतो. नौकेचे सुकाणू म्हणजे मागच्या टोकाला पाण्यात उभी बसवलेली एक फळी. फळीवरून पाणी वाहत असेल तरच ती काम करते. नौका पाण्यात उभी राहिली की सुकाणू कितीही फिरवा, ते मेलेलेच. गाडी थांबली तरी तुमच्या ताब्यात असते, नौका थांबली की वाऱ्याच्या ताब्यात जाते. म्हणजे वेग अधिक झाला तर आदळण्याचे भय, आणि फार कमी झाला तर ताबा सुटण्याचे भय. या दोहोंच्या मधली जी अरुंद पट्टी, तिच्यात नौका राखणे यालाच बंदरातले कसब म्हणतात.

तिसरा फरक वळणाचा. चौकात लांब ट्रक वळताना नीट पाहा. त्याची पुढची चाके वळतात आणि मागची चाके वळणाच्या आतल्या अंगाने, कोपरा कापून जातात. म्हणून जाणता ड्रायव्हर पुढचे तोंड बाहेर काढून मग वळतो आणि आतल्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला सांभाळतो. नौकेचे उलटे असते. सुकाणू मागे आहे, ते मागच्या टोकालाच बाजूला ढकलते. नौकेच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. नाळ डावीकडे वळवायची, तर मागचे टोक उजवीकडे फेकले जाते आणि नौका आपल्या पोटाजवळच्या एका बिंदूभोवती फिरते. पुढचा कोपरा चुकवला म्हणून नवशिका खूश होतो, तोच मागचे टोक शेजारच्या नौकेला लागलेले असते. खणात वळताना डोळे पुढे असावेत हे खरे, पण लक्ष शेपटाकडे असावे.

चौथा फरक सर्वांत मोठा. गाडीखालचा रस्ता जागचा हलत नाही. नौकेखालचे पाणी हलते आणि वरून वाराही लोटतो. शीड उतरवले म्हणून वाऱ्याची कटकट संपली असे नाही. डोलकाठी, दोर आणि नौकेचे उघडे अंग एवढ्यालाच वारा पुरेसा लागतो. नौकेच्या तळाशी पोटाखाली खोल कणा असतो, तो पाण्यात रुतल्यासारखा राहतो. नाळ मात्र हलकी, पाण्याच्या वर उचललेली. त्यामुळे वेग गेला की वारा आधी नाळेला ढकलतो आणि नौका तोंड फिरवून वाऱ्याबरोबर जाऊ लागते. हे होणार हे जो आधीच धरून चालतो, तो तेवढ्यापुरती वाऱ्याच्या अंगाला जागा राखून ठेवतो.

आता यावर तोड काय? तोड अशी की जे लोटते आहे, त्यालाच ब्रेक करावे. धक्क्याकडे येताना वारा आणि प्रवाह यांत ज्याचा जोर अधिक, त्याच्या समोरून यावे. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण बाकीचे सारे याच्याच पोटात आहे.

नदीचेच उदाहरण घेऊ. गोव्यात पणजीसमोर मांडवी नदीच्या तीरावर नौदलाचे ‘आयएनएस मांडवी’ हे केंद्र आहे. तेथूनच १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी तेथेच परत आल्या. मांडवीच्या मुखाजवळ पाणी सुमारे सहा तास आत येते आणि पुढचे सहा तास बाहेर जाते. समजा ओहोटीचा प्रवाह दोन नॉटचा आहे. नौकेचे तोंड प्रवाहासमोर करून तिला पाण्यातून दोनच नॉट चालवली, तर काय होईल? धक्क्यावरून पाहणाऱ्याला ती एका जागी उभी दिसेल. आणि तरीही तिच्या सुकाणूवरून दोन नॉटचे पाणी वाहत असेल, म्हणजे सुकाणू पुरते जिवंत असेल! थांबलेलीही आहे आणि ताब्यातही आहे. आता नाळ धक्क्याकडे किंचित तिरपी केली की नौका पुढे न जाता आडवी सरकत हळूच धक्क्याला लागते. वर्धा किंवा वैनगंगा नदीत नाव घालणाऱ्या नावाड्याला हे सांगावे लागत नाही. तो पैलतीराला जाताना नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपे धरतो, ते याच कारणाने.

हेच काम प्रवाहाच्या पाठीवर बसून करू गेले तर? दोन नॉट प्रवाहाचे आणि सुकाणू जिवंत ठेवण्यापुरते दोन नॉट नौकेचे, म्हणजे धक्क्याशी चार नॉटने गाठ. मघाचा हिशेब लावा, ते पोते आता शंभर मीटरांवरून पडेल. म्हणून एकाच धक्क्याला सकाळी एका दिशेने लागणारी नौका दुपारी दुसऱ्या दिशेने लागते. खलाशी धक्क्याजवळ येण्यापूर्वी बोयाला लागून पाणी कोणीकडे फुटते ते पाहतो, इतर नौकांवरची निशाणे पाहतो, बांधलेल्या होड्यांची तोंडे कोठे आहेत ते पाहतो, आणि मगच ठरवतो.

शिडावरच यायचे असेल तर वाऱ्याचाही ब्रेक होतो. शीड वाऱ्याच्या थेट समोर आले की त्यात वारा भरत नाही, ते नुसते फडफडते आणि नौकेचा जोर ओसरतो. म्हणून शिडावर येणारा वाऱ्याखालच्या बाजूने येतो आणि धक्का काही अंतरावर असतानाच तोंड वाऱ्यात घालतो. पुढचे अंतर उरलेल्या जोरावर कापायचे. आता हे ‘काही अंतर’ म्हणजे किती? ते प्रत्येक नौकेचे निराळे, आणि भरलेल्या व रिकाम्या नौकेचेही निराळे. ते पुस्तकात मिळत नाही. शिकणाऱ्याने मोकळ्या पाण्यात एक तरंगता डबा टाकावा आणि त्याच्याजवळ येऊन थांबण्याचा सराव पुन्हा पुन्हा करावा. डब्याला धक्का लागला तर कोणाचे बिघडत नाही. वारा धक्क्याकडेच वाहत असेल तर शीड बरेच आधी उतरवावे. नुसत्या डोलकाठीवर लागणारा वारा नौकेला आत नेण्यास पुष्कळ होतो.

हल्लीच्या बहुतेक शिडाच्या नौकांना लहानसे इंजिनही असते. त्याचाही एक स्वभाव आहे. पंखा पुढच्या चालीत फिरला की तो पाणी सुकाणूवर फेकतो. म्हणून नौका जवळजवळ उभी असतानाही सुकाणू वळवून इंजिनाचा एक लहानसा झटका दिला, तर मागचे टोक बाजूला सरते आणि नौकेला वेग येण्यापूर्वीच झटका संपतो. उलट्या चालीत मात्र पंख्याचे पाणी सुकाणूवर येत नाही. शिवाय पंखा मागच्या टोकाला एका बाजूला ओढतो. पुढच्या चालीत, मागून पाहिले असता, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा उलटा चालवला की मागचे टोक डावीकडे जाते. अडाणी याला खोड म्हणतो. जाणता ती ओळखून धक्का डाव्या अंगाला घेतो. मग थांबण्यासाठी उलटा झटका दिला की नौका आपणहून धक्क्याला चिकटते. अडेल बैल डाव्या जुवाला शहाणा असेल तर धुरकरी त्याला डावीकडेच जुंपतो, तसेच हे.

नौका लागली की दोराचे काम सुरू होते. येथे जोर दाखवणारा माणूस फसतो. २३ टनांची नौका हाताने दोर धरून थांबवायची नसते. दोर धक्क्यावरच्या खुंट्याला दोन वेढे देऊन धरावयाचा. मस्तवाल गोऱ्ह्याला तुम्ही असेच धरता. शिक्षकांसाठी याचा हिशेब देतो. दोर व खुंटा यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हाताच्या ताणाच्या सुमारे पावणेपाचपट ओढ थोपवता येते आणि दोन वेढ्यांनी सुमारे तेवीसपट. हाताने दहा किलोचा ताण दिला तर पलीकडची दोनशे तीस किलोंची ओढ थोपते. दोर हळूहळू सैल सोडत गेले की खुंटाच ब्रेक होतो.

वाऱ्याने नौका धक्क्यालाच दाबून धरली असेल तर निघायचे कसे? बांबूने रेटून रेटून माणसे दमतात. शहाणा खलाशी नाळेपासून मागच्या दिशेला धक्क्यावर एक दोर ठेवतो, सुकाणू धक्क्याकडे वळवतो आणि इंजिन सावकाश पुढे चालवतो. दोर नौकेला पुढे जाऊ देत नाही, आणि सुकाणूवर आदळणारे पाणी मागचे टोक धक्क्यापासून दूर लोटते. शेपूट पुरते बाहेर आले की दोर सोडायचा आणि मागे चालत मोकळे व्हायचे. नाळेजवळ एक जुना टायर मात्र आधी लटकवून ठेवावा.

शिरण्यापूर्वी निघण्याची वाट पाहून ठेवावी, हे आपल्या इतिहासाने फार कडू रीतीने शिकवले आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे इंग्रजी आरमार विजयदुर्गावर चालून गेले, आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. तुळाजी आंग्रे यांचे आरमार त्या वेळी किल्ल्याच्या आडोशाला दाटीने, एकमेकांना बांधून उभे होते. गोळाबारीत एका जहाजाला आग लागली. ती शेजारच्याला, तेथून पुढच्याला, अशी पसरत गेली आणि मराठ्यांचे एक नामांकित आरमार जागच्या जागी जळाले. पेशव्यांनी इंग्रजांना साथ द्यावी का, याचा वाद इतिहासकार घालोत. खलाशाने घ्यावयाचा धडा एवढाच की आडोसा चांगला, पण ज्या आडोशातून घाईने सुटता येत नाही तो धोक्याचा. म्हणून आजही खणात शिरताना दोर तयार, नांगर तयार आणि ‘जमले नाही तर कोणीकडून बाहेर पडेन’ याचे उत्तर तयार, असेच शिरतात. जमत नाही असे दिसले की वेळीच बाहेर पडून पुन्हा फेरी घेणे यात कमीपणा नाही.

नौदलाचे दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडात लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे थांबले. आपण महासागरातल्या लाटांचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण मोकळ्या समुद्रात चूक सुधारायला मैलोगणती जागा असते. बंदरात चार हात असतात. जगप्रवास केलेल्या नौकेलाही शेवटी त्या चार हातांचीच परीक्षा द्यावी लागते.

आता आपल्याकडचे बोलू. आपल्या भागात शीड नसले तरी नाव आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा जीव गेला. नदी आपल्या ओळखीची असते म्हणून ती दयाळू असते असे नाही. मोठ्या नौकेला जे नियम, तेच डोंग्याला. नाव काठाजवळ आली की सगळे एकदम उभे राहतात आणि काठाच्या बाजूला झुकतात. नेमक्या याच क्षणी नावेचा वेग गेलेला असतो, ताबा कमी असतो आणि वजन एका अंगाला जाते. म्हणून नाव बांधून होईपर्यंत जागचे उठू नये. एकेकाने उतरावे. नाव आणि काठ यांच्या फटीत हात किंवा पाय घालून नाव थांबवू नये. लाकूड मोडले तर नवे बसवता येते. नावाडी नको म्हणाला की त्या फेरीत बसू नये, आणि अंगात तरंगते जॅकीट घातल्याशिवाय मुलांना तर मुळीच बसवू नये.

शिक्षक मित्रांनी हा धडा शाळेत करून दाखवावा. मोठ्या टोपल्यात किंवा हौदात हातभर लांबीची फळी तरंगत ठेवा. मागे पत्र्याचे सुकाणू, पोटाखाली पत्र्याचाच एक उभा तुकडा कणा म्हणून ठोका. फळी स्थिर असताना सुकाणू तिरपे करून पाहा, काही घडत नाही. मग हलकेच पुढे ढकला, लगेच वळते. वळताना मागचे टोक कोणीकडे जाते ते मुलांना बोटाने दाखवायला सांगा. नंतर पुढच्या भागात कागदाचे उभे पान लावून बाजूने पंख्याने वारा घाला, आणि तेच पान मागे लावून पुन्हा घाला. शेवटी पाण्याने भरलेली बादली दोराने बांधून, शाळेच्या आडव्या खांबाला एक वेढा, मग दोन वेढे देऊन सर्वांत लहान मुलाला धरायला द्या. मोठ्या मुलाला वेढ्याशिवाय धरायला लावा. गुणांक आणि घातांक पाठ करण्यापूर्वी मुलांच्या हाताला ते कळलेले असतील.

थोडक्यात सांगायचे तर पाच गोष्टी. आधी वारा आणि पाणी पाहा. जोरदार असेल त्याच्या समोरून या. चाल मंद ठेवा, पण सुकाणू मरू देऊ नका. थांबवण्याचे काम खुंट्याला करू द्या, हातापायांना नव्हे. आणि आत शिरण्याआधी बाहेरची वाट ठरवा. भरली बंडी फाटकातून नेणाऱ्या धुरकऱ्याला यातल्या निम्म्या गोष्टी माहीत असतात. उरलेल्या निम्म्या पाणी शिकवते.